ॲपवर नफा, हातात तोटा : क्रिप्टोची खरी किंमत कशी काढायची?

जामनेर : कापूस विकणाऱ्याला भावाचं गणित शिकवावं लागत नाही. टीव्हीवर क्विंटलचा एक भाव सांगतात, गावात गाडी घेऊन आलेला व्यापारी ओलावा आणि प्रत बघून दुसराच लावतो. घरात पैसा येतो तो दुसऱ्या भावाचा. पण मोबाईलवर क्रिप्टो घेणारी आपलीच तरुण पोरं ॲपवरचा हिरवा आकडा म्हणजेच आपली रक्कम, असं धरून चालतात. तिथेच चुकतं.

साधा हिशेब करू. समजा ५० हजारांचं बिटकॉइन घेतलं (अख्खं घ्यावं लागत नाही, तुकडाही मिळतो). त्याचे आज ८० हजार झाले. ४० हजारांचं दुसरं एखादं छोटं कॉइन घेतलं, ते १५ हजारांवर आलं. घातले ९० हजार, ॲप दाखवतं ९५ हजार. पाच हजार नफा!

आता दोन्ही एकाच वर्षात विकून बघा. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, त्या करावर आणखी ४ टक्के उपकर. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षावरही ढकलता येत नाही. म्हणजे कर पाच हजारांवर नाही, बिटकॉइनच्या पूर्ण ३० हजार नफ्यावर बसतो : ९,३६० रुपये. हातात उरले ८५,६४०. नफा कसला, ४,३६० रुपये खिशातून गेले. ॲपची फी वेगळीच.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून हेही सुटेल, असं समजू नका. विकताना १ टक्का टीडीएस कापला जातो, या उदाहरणात ९५० रुपये. तो विवरणपत्र भरताना करातून वजा होतो, त्यामुळे कापल्याची नोंद जपून ठेवा.

दुसरी गोष्ट भावाची. ॲपवर दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. बिटकॉइनला गिऱ्हाईक भरपूर, त्यामुळे फरक थोडा पडतो. छोट्या कॉइनचं तसं नाही. कुणीतरी दोनशे रुपयांचा माल चढ्या भावात घेतला की तुमच्या सगळ्या कॉइनची किंमत त्याच भावाने वाढलेली दिसते. विकायला गेलात की त्या भावात घेणारा कुणी नसतो. म्हणून खरेदीदारांच्या ऑर्डरची यादी उघडून बघा : तुमच्याकडे आहे तेवढा माल कोणत्या भावापर्यंत खपेल? किंमत ती धरा.

आणि माल बाहेर काढता येतो का, हेही बघावं लागतं. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर सायबर हल्ला झाला, सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली. खात्यात आकडे दिसत होते, पण कॉइन काढता येईनात. व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. एवढे दिवस त्या आकड्याची किंमत काय धरायची, सांगा बरं.

त्याहून वाईट प्रकार गेनबिटकॉइनचा. महिन्याला १० टक्के परतावा, तोही बिटकॉइनमध्ये, असं आमिष होतं. २०१७ च्या सुमारास बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचं घरचंच कॉइन हातात ठेवलं गेलं, ज्याची किंमत बिटकॉइनपुढे काहीच नव्हती. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अमित भारद्वाजला अटक केली, पुढे तपास सीबीआयकडे गेला. ज्या कॉइनचा भाव कॉइन काढणाराच ठरवतो, ते वहीत शून्य रुपयांना लिहिलेलं बरं.

वही म्हणजे खरोखरची वही हो! तारीख, किती कॉइन, किती रुपये दिले, एवढं प्रत्येक खरेदीला लिहा. कर काढताना खरेदीची रक्कम तेवढी वजा मिळते. ॲप नवीन असेल तर आधी थोडं विकून पैसे बँक खात्यात जमा होतात का, ते बघा. काढायच्या आधी ‘आणखी पैसे भरा’ असा मेसेज आला, तर एक रुपयाही भरू नका. थेट १९३० ला फोन लावा.