आल्प्सच्या बर्फात सूर्यास्तापूर्वीचे जेवण
ऑस्ट्रियातील स्की-गावात मुक्काम आणि शिकवणी कशी निवडावी

उमरगा तालुक्यातील मुरुमसारख्या बाजारपेठेच्या गावात आडत, किराणा, कापड सांभाळणाऱ्या घरांतील पुढची पिढी आता पुण्यात, हैदराबादेत, क्वचित म्युनिक वा लंडनमध्ये नोकरी-व्यवसायासाठी राहते. त्यामुळे कुटुंबाच्या सहलीची चर्चाही महाबळेश्वर आणि काश्मीरपाशी थांबत नाही. नातवंडे म्हणतात, बर्फ नुसता पाहायचा नाही, त्यावरून घसरायला शिकायचे. आजी-आजोबा विचारतात, तेथे जेवणाचे काय? हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोघांचे उत्तर एकाच ठिकाणी, म्हणजे आरक्षण करण्यापूर्वीच्या नियोजनात, दडलेले आहे.

आपल्या घराण्यांना दूरच्या प्रवासाचे नियोजन नवे नाही. कुंथलगिरी, श्रवणबेळगोळ किंवा सम्मेदशिखरजीच्या यात्रेला निघताना वडीलधारी मंडळी आधी धर्मशाळेतील चुलीची आणि पाण्याची चौकशी करीत. गाळणे, तवा, कोरडी शिदोरी बरोबर असे, आणि दिवस मावळण्याआधी कोणत्या मुक्कामी पोहोचायचे हे निघण्यापूर्वी ठरलेले असे. आल्प्सच्या सहलीतही हीच शिस्त उपयोगी पडते. फरक इतकाच, की तेथे दिवस लहान, थंडी कडक आणि चुकीच्या निवडीची किंमत युरोत मोजावी लागते.

गणित सूर्यास्ताचे

डिसेंबरअखेर मुरुमला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. ऑस्ट्रियाच्या टायरोल प्रांतात त्याच दिवसांत तो साडेचारच्या आतच मावळतो. फेब्रुवारीच्या मध्यास सूर्यास्त साधारण साडेपाचला, तर मार्चच्या मध्यास सव्वासहाच्या सुमारास होतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास पुढे जातात, म्हणजे त्यानंतर सूर्यास्त घड्याळाप्रमाणे साडेसातपर्यंत लांबतो. डोंगराआड सूर्य याहून बराच आधी दिसेनासा होतो. म्हणून वेळ पंचांगाप्रमाणे पाहायची की प्रत्यक्ष दर्शनाप्रमाणे, हे घरात आधीच ठरवून ठेवावे.

आता शिकवणीची वेळ पाहू. तेथील गटवर्ग बहुधा सकाळी दहा ते बारा आणि दुपारी एक ते तीन असे भरतात. तीनला वर्ग सुटला, जड बूट काढून बसने मुक्कामी यायला अर्धा-पाऊण तास गेला, तर नाताळच्या आठवड्यात जेवणासाठी जेमतेम पाऊण तास उरतो. सूर्यास्ताच्या दोन घटका आधी जेवण आटोपण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांना तर तेवढाही वेळ मिळत नाही. अशा सदस्यांनी केवळ सकाळचा दोन तासांचा वर्ग घ्यावा. चौविहार पाळणाऱ्यांनी दिवसा पाणी पुरेसे प्यावे. थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत श्रम करताना शरीरातील पाणी कमी होतच असते.

सकाळ मात्र सोपी जाते. डिसेंबरात सूर्योदय आठच्या सुमारास होतो. नवकारसीचे ४८ मिनिटे धरली तरी दहाच्या वर्गाआधी न्याहारी होते.

दिवस कोणते निवडावेत

नाताळ ते ६ जानेवारी हा तेथील सर्वांत गर्दीचा आणि महागडा काळ. ६ जानेवारीच्या सुट्टीनंतर महिनाअखेरपर्यंत दर उतरतात आणि उतारांवर गर्दी कमी असते. पण त्याच सुमारास आपल्याकडे तुरीची आवक सुरू असते, शाळाही चालू असतात. फेब्रुवारीत युरोपातील शाळांच्या सुट्ट्या येतात व दर पुन्हा चढतात. मार्चमध्ये दिवस मोठा, थंडी सौम्य, चौविहाराला वेळ भरपूर. पण मुलांच्या परीक्षा आडव्या येतात आणि कमी उंचीच्या गावांत दुपारी बर्फ ओला होतो. तेव्हा मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी जाणाऱ्यांनी उंचावरचे गाव घ्यावे. टायरोलमधील ओबरगुर्गल सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. तेथे बर्फ उशिरापर्यंत टिकतो.

दिवाळीच्या सुट्टीत केवळ हिमनद्यांवरचे उतार चालू असतात, जसे हिंटरटुक्स किंवा स्टुबाई. नवशिक्याने पहिला धडा इतक्या उंचीवर आणि बोचऱ्या वाऱ्यात घेऊ नये.

मुक्काम: चांदण्या मोजण्याआधी पावले मोजा

उदाहरणादाखल टायरोलमधील आल्पबाख पाहू. सुमारे १,००० मीटर उंचीवरचे हे लहानसे गाव. १९५३ पासून येथे नवी घरेही पारंपरिक लाकडी बांधणीचीच असावीत असा नियम आहे. त्यामुळे गावाचे रूप टिकून राहिले. १९४५ पासून येथे विचारवंतांची वार्षिक परिषद भरते. वेदान्तावर लिहिणारे नोबेल-विजेते भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांची समाधी याच गावच्या चर्चच्या आवारात आहे. रेल्वेने ब्रिक्सलेगला उतरून बसने वर यावे लागते. २०१२ मध्ये हे स्की-क्षेत्र शेजारच्या विल्डशोनाऊशी रज्जुमार्गाने जोडले गेले.

पण चित्रासारख्या गावाची एक अडचण ध्यानात घ्यावी. मुख्य रज्जुमार्ग गावाच्या मधोमध नाही, थोडा बाहेर आहे, आणि तेथवर स्की-बसने जावे लागते. अनेक आल्पाइन गावांत हीच स्थिती असते. जाहिरातीत ‘गावाच्या मध्यभागी’ असे लिहिलेले घर दुकानांना जवळ असते. शिकवणीच्या मैदानाला जवळ असेलच असे नाही. म्हणून घरमालकाला तीन प्रश्न लेखी विचारावेत: नवशिक्यांचे मैदान किती मिनिटे चालण्याच्या अंतरावर आहे? बसचा थांबा किती दूर आहे? दुपारी तीननंतर बस किती वेळाने सुटते? या तीन उत्तरांवरच संध्याकाळचे जेवण वेळेत होणे अवलंबून आहे.

राहण्याचे प्रकार मुख्यतः चार. हॉटेल, जेवणघर असलेला जुन्या धर्तीचा ‘गास्टहोफ’, केवळ न्याहारी देणारे ‘पेन्सिओन’ किंवा ‘गार्नी’, आणि स्वयंपाकघरासह भाड्याने मिळणारे ‘फेरिएनवोनुंग’, म्हणजे सुट्टीतले बिऱ्हाड. हॉटेले बहुधा ‘हाल्बपेन्सिओन’ सुचवतात, म्हणजे न्याहारी आणि रात्रीचे जेवण. ते जेवण साडेसहा-सातला वाढतात. रात्रिभोजनत्याग असलेल्या घराला त्याचा काहीही उपयोग नाही. जे खायचे नाही त्याचे पैसे मात्र मोजावे लागतात. जैन कुटुंबास फेरिएनवोनुंग सर्वांत सोयीचे. सहा-आठ जणांच्या एकत्र कुटुंबाला ते माणशी स्वस्तही पडू शकते.

भाड्याची रक्कम पाहताना वरचे खर्च धरावेत. माणशी प्रतिरात्र स्थानिक कर, शेवटच्या साफसफाईचे शुल्क आणि अनामत रक्कम ही वेगळी असतात. हंगामात घरे बहुधा शनिवार ते शनिवार अशीच मिळतात.

स्वयंपाकघराची तयारी

शनिवारी पोहोचणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये: ऑस्ट्रियात रविवारी जवळजवळ सर्व दुकाने बंद असतात आणि शनिवारीही संध्याकाळी लवकर मिटतात. दूध, भाजी, फळे शनिवारीच घ्यावीत.

तेथील शेगडी पुष्कळदा इंडक्शनची असते. घरचा ॲल्युमिनियमचा तवा वा कुकर तिच्यावर तापत नाही. बुडाला लोहचुंबक चिकटणारी भांडी न्यावीत. घरातील भांड्यांत आधी सामिष शिजलेले असणार, म्हणून आपली एक कढई, एक पातेले, तवा आणि गाळणे असणे बरे. नळाचे पाणी पिण्याजोगे असते. ते गाळून उकळून घेता येते.

सामानात काय न्यावे यापेक्षा काय नेऊ नये, हे अधिक महत्त्वाचे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे. तूप, पेढे, खव्याची मिठाई विमानतळावर काढून घेतली जाऊ शकते. खाखरा, भाजलेले पोहे, लसूण नसलेली शेंगाचटणी असा कोरडा फराळ सोयीचा. लोणी तेथे उत्तम मिळते. घरीच कढवून तूप करता येते.

बाहेर खाण्याची वेळ आलीच, तर ‘शाकाहारी’ या शब्दावर विसंबू नये. कायझरश्मारेन या गोड पदार्थात आणि केझेश्पेट्झलेत अंडे असते. सूप पुष्कळदा हाडांच्या रश्श्यावर केलेले असते. चीजमध्ये प्राणिज रेनेट असू शकते. दह्याच्या गोड प्रकारांत जिलेटिन आढळते. बटाटा आणि कांदा तर सर्वत्र. ‘ओने आय’ म्हणजे अंड्याविना, ‘ओने त्स्वीबेल’ म्हणजे कांद्याविना, ‘ओने क्नोब्लाउख’ म्हणजे लसणाविना, ‘ओने कार्टोफेल्न’ म्हणजे बटाट्याविना. ही चार वाक्ये रोमन लिपीत कागदावर लिहून खिशात ठेवावीत.

शिकवणी कोणाकडे

स्की शिकवण्याचे शास्त्र ऑस्ट्रियात घडले. माटियास झ्डार्स्की यांनी लिलिएनफेल्ड येथे तीव्र उतारासाठीचे तंत्र विकसित केले. आर्लबर्गचे हान्नेस श्नायडर यांनी १९२१ मध्ये सांक्ट आंटोनला स्की-शाळा काढली आणि सोप्याकडून अवघडाकडे नेणारी पायरीबद्ध पद्धत रुळवली. आजही नवशिक्याला प्रथम ‘नांगर’ शिकवतात: दोन्ही स्कीची टोके जवळ, मागच्या बाजू दूर, म्हणजे वेग आवरतो. थांबता येऊ लागले की वळणे, आणि वळता येऊ लागले की उतार. उतारांना निळा, लाल, काळा असे चढत्या अवघडपणाचे रंग असतात. पहिल्या आठवड्यात निळ्याच्या पुढे जाण्याची घाई नको.

शाळा निवडताना पुढील चौकशी करावी. वर्ग इंग्रजीत आहे का? एका गटात जास्तीत जास्त किती जण? लहान मुलांसाठी चालता पट्टा, म्हणजे उभे राहिले की वर नेणारा सपाट पट्टा, आहे का? पहिल्या दिवशी पूर्ण पास लागतो की मैदानापुरते तिकीट चालते? मोठ्या क्षेत्रांत प्रौढांचा दिवसाचा पास ६० युरोंहून अधिक पडतो. पहिले दोन दिवस तो घेण्याचे कारण नसते.

नवशिक्यांचे गटवर्ग बहुधा रविवारी किंवा सोमवारीच सुरू होतात. मंगळवारी पोहोचलेल्या कुटुंबाला खाजगी शिक्षकावाचून पर्याय राहत नाही. तरीही खाजगी शिकवणी महागच असते, असे नाही. चौघे एकत्र शिकणार असतील, तर दोन तासांच्या खाजगी शिक्षकाचे शुल्क चार गटवर्गांच्या बेरजेशी ताडून पाहावे. खाजगी शिकवणीत वेळ आपल्या हाती असते. पाच दिवसांत बहुधा एखादी अष्टमी वा चतुर्दशी येते. उपवासाच्या दिवशी उतारावर जाऊ नये आणि तो दिवस मोकळा ठेवता यावा, हा लाभ मोठा आहे.

मुलांच्या पूर्ण दिवसाच्या वर्गात दुपारचे जेवण शाळेकडे असते. तेथे मुलाच्या ताटात काय पडेल यावर आपले नियंत्रण नसते. डबा चालेल का हे विचारावे; नाहीतर बाराला मुलाला घेऊन यावे आणि एकला सोडावे. मुक्काम जवळ असल्याचा उपयोग येथेही होतो.

आजी-आजोबांनी स्की केलीच पाहिजे असे नाही. बहुतेक गावांत बर्फ दाबून केलेल्या पायवाटा असतात, आणि रज्जुमार्गाने वर जाऊन उन्हात बसता येते.

पोशाख, परवाना आणि विमा

गरम जाकिटांत पुष्कळदा हंस वा बदकाची पिसे भरलेली असतात आणि हातमोजे चामड्याचे असतात. कृत्रिम तंतू भरलेली जाकिटे आणि कापडी हातमोजे तितकेच उपयुक्त असतात. खरेदीपूर्वी आतली चिठ्ठी वाचावी. स्की, बूट आणि शिरस्त्राण तेथे भाड्याने मिळतात. शिरस्त्राण सर्वांनी घालावे.

ऑस्ट्रियासाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांचे शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांचे ४५ युरो, त्याहून लहानांना माफ. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पण तेवढ्याने काम भागत नाही. पुष्कळ प्रवास-विम्यांतून बर्फावरील खेळ वगळलेले असतात. स्की, डोंगरावरून सुटका आणि हेलिकॉप्टर यांचा समावेश पॉलिसीत शब्दांनिशी आहे ना, हे पाहून मगच हप्ता भरावा. डोंगरावरील आपत्तीसाठी ऑस्ट्रियात १४० हा क्रमांक आहे, ११२ही चालतो.

आधी आपल्या देशात?

मुलांची आवड खरी की आठवड्यापुरती, याविषयी शंका असेल, तर पहिला धडा भारतात घेता येतो. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. उत्तराखंडातील औलीलाही उतार आहेत. व्हिसा नाही, शाकाहार सहज मिळतो, खर्च बराच कमी. मात्र गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. वृद्धांना श्वासाचा त्रास असल्यास आल्पबाखसारखे कमी उंचीचे गाव अधिक सोयीचे, हेही ध्यानात असावे.

व्यापारी माणूस माल उचलण्याआधी भाव, वजन आणि वाहतूक पाहतो. येथेही क्रम तोच ठेवावा. प्रथम शिकवणीची वेळ विचारावी, मग त्या वेळेला साजेसे घर शोधावे आणि विमानाचे तिकीट सर्वांत शेवटी काढावे. तिकीट आधी काढले, की उरलेल्या सर्व गोष्टी त्याच्या मागे फरपटतात आणि तडजोड शेवटी ताटावर येते. क्रम नीट राखला, तर तीनला वर्ग सुटलेली मुले गालांवर थंडीची लाली घेऊन घरी येतील, आजीच्या हातचा गरम फुलका खातील आणि खिडकीबाहेर उजेड असतानाच सर्वांची जेवणे झालेली असतील.