बादशहाच्या दरबारातील गोव्याचा पाहुणा

प्राण्यांची चित्रे म्हणजे मुलांची करमणूक, खरी कला ती देवादिकांच्या आणि राजेरजवाड्यांच्या तसबिरीत, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतूनही आढळतो. आम्हांस तो मान्य नाही. साक्षीस आम्ही जहांगीर बादशहाचा चित्रकार उस्ताद मन्सूर यास उभा करतो.

१६१२ साली मुकर्रबखान हा सरदार बादशाही आज्ञेवरून गोव्यास जाऊन फिरंग्यांकडून नाना दुर्मिळ जिनसा घेऊन परतला. त्यांत एक टर्की पक्षी होता. मूळचा अमेरिकेचा, दरबारात कोणी न पाहिलेला. त्याच्या डोक्यामानेचे रंग पालटताना पाहून जहांगीर थक्क झाला. घटकेत पोवळ्यासारखे तांबडे, घटकेत कापसासारखे पांढरे, मध्येच पिरोजी, अशी नोंद त्याने आत्मचरित्रात केली आहे. पणजोबा बाबराने प्राण्यांची वर्णने लिहिली, पण चित्रे काढविली नाहीत. आपण दोन्ही करवितो, असेही तो अभिमानाने सांगतो. वर्णनाला रंगाची जोड हवी, हे एका राज्यकर्त्याला कळावे, ही गोष्ट लहान नव्हे!

मन्सूरच्या हातचे ते चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. मागे ना महाल, ना लवाजमा. माणसाच्या व्यक्तिचित्रास जो मान द्यावा, तो सारा त्या एका पाखराला दिलेला. ‘नादिर-उल्-अस्र’, म्हणजे आपल्या युगातील अद्वितीय, ही पदवी बादशहाने मन्सूरला उगाच दिली नाही.

१६२१ साली हबसाणातून झेब्रा आला, तेव्हा त्याचे पट्टे कोणी रंगविलेले तर नाहीत, अशी शंका निघाली. नीट तपासून ते उपजतच असल्याची खात्री पटली. जनावर पुढे इराणच्या शहा अब्बासकडे नजराणा म्हणून गेले. चित्र मात्र राहिले.

आम्हांस विशेष ओढ वाटते ती कोलकात्याच्या इंडियन म्युझियममधील सैबेरियन क्रौंचाच्या चित्राची. शुभ्र पिसारा, तोंडाची तांबडी उघडी कातडी, आणि पाहणाऱ्याने श्वास रोखून धरावा असा तो स्तब्धपणा! हे पक्षी दर हिवाळ्यात हजारो मैलांवरून राजस्थानात भरतपूरच्या पाणथळीत उतरत. वाटेवरची शिकार आणि आटत गेलेल्या दलदली यांनी त्यांची संख्या घटत गेली. २००२ मध्ये तेथे शेवटची जोडी दिसली. त्यानंतर भरतपूरला हा पाहुणा आलेला नाही.