हुद्द्यापायी गेलेला जीव

अंबाजोगाईचे नाव निजामी दफ्तरात मोमिनाबाद असे लिहिले जात होते, त्या काळी हद्द म्हणजे काय हे येथील माणसाला शिकवावे लागत नसे. कारण हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या अखेरच्या पर्वात ज्यांच्या मागे निजामाचे पोलीस लागत, ते कार्यकर्ते सरहद्दीपलीकडच्या कॅम्पांत जाऊन राहत आणि हद्द ओलांडताच मागच्या फौजदाराचा हुकूम निकामी होई. त्या मंडळींनी हद्द स्वातंत्र्यासाठी ओलांडली. परंतु खुनाच्या संशयितालाही तीच हद्द तितक्याच निर्विकारपणे आडोसा देते, आणि तेथून त्याला परत आणण्यासाठी राष्ट्रांना केवढे सायास करावे लागतात, हे ज्या प्रकरणात दिसून येते त्यात बळी पडलेला माणूस मराठी होता.

रवींद्र हरेश्वर म्हात्रे हे बर्मिंगहॅम येथील भारतीय सहायक उच्चायोगाच्या कचेरीत अधिकारी होते, वय ४८. शुक्रवार, ३ फेब्रुवारी १९८४ रोजी कचेरी सुटल्यावर ते नित्याप्रमाणे बसने बार्टली ग्रीन या आपल्या वस्तीत उतरले. त्या दिवशी मुलीचा वाढदिवस होता आणि तिच्यासाठी घेतलेला केक त्यांच्या हातात होता. घर जवळ आले असतानाच त्यांना पळवून नेण्यात आले आणि त्याच शहरातील अॅलम रॉक भागात कोंडून ठेवण्यात आले. लंडनमधील रॉयटर वृत्तसंस्थेकडे ‘काश्मीर लिबरेशन आर्मी’ या नावाने चिठ्ठी पोहोचली : दहा लाख पौंड द्या आणि तिहार तुरुंगातील काश्मिरी फुटीरतावादी नेता मकबूल भट व त्याच्या साथीदारांना सोडा. भारत सरकारने ही मागणी मानली नाही. अपहरणाला दोन दिवस होतात न होतात तोच लेस्टरशायरमधील एका शेतरस्त्यावर म्हात्रे यांचा गोळ्या घातलेला देह सापडला.

मकबूल भटच्या शिक्षेशी म्हात्रे यांचा तिळमात्र संबंध नव्हता. आणि या प्रकरणाचे सारे भीषणत्व मला येथेच वाटते. भटला फाशीची शिक्षा झाली होती ती १९६६ साली अमरचंद या गुप्तचर शाखेच्या पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल. ती १९६८ साली श्रीनगरच्या सत्र न्यायालयात न्यायमूर्ती नीलकंठ गंजू यांनी सुनावली. त्यानंतर तो श्रीनगरच्या तुरुंगातून निसटला, पाकिस्तानात गेला, १९७६ साली परतला आणि पुन्हा पकडला गेला. पुढे ४ नोव्हेंबर १९८९ रोजी, निवृत्तीनंतर, गंजू यांनाही श्रीनगरात गोळ्या घालण्यात आल्या. अमरचंद, म्हात्रे, गंजू : एक पोलीस, एक मुत्सद्दी खात्यातला नोकर, एक न्यायाधीश. तिघांपैकी एकाचाही कोणाशी खाजगी दावा नव्हता. तिघांचाही जीव हुद्द्यापायी गेला.

म्हात्रे यांच्या मृत्यूनंतर अवघ्या आठवड्याच्या आत, ११ फेब्रुवारी १९८४ रोजी, भटला तिहारमध्ये फाशी देण्यात आले आणि तुरुंगाच्या आवारातच पुरण्यात आले. शिक्षा कायद्याने दिलेली होती, दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळला होता. तरीही वर्षानुवर्षे रेंगाळलेला तो निवाडा त्या पाच-सहा दिवसांत अमलात यावा, यात न्यायबुद्धीपेक्षा संतापाचा भाग अधिक होता असे मला प्रामाणिकपणे वाटते. ज्याला फासावर चढवले तो म्हात्रे यांचा मारेकरी नव्हता. तो त्या वेळी तिहारच्या कोठडीत होता. मारेकरी इंग्लंडात होते, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे काम कायद्याच्या मंद पावलांनीच होणार होते.

आमच्या भागातील शेकडो मुले आज पुण्याच्या नवी पेठेतील अभ्यासिकांत दिवसरात्र बसून नायब तहसीलदार, फौजदार, उपजिल्हाधिकारी होण्याची तयारी करतात. तेथून जवळच मुठा नदीवर म्हात्रे पूल आहे; तो याच रवींद्र म्हात्रे यांच्या नावाचा. रोज त्यावरून ये-जा करणाऱ्या कितीजणांना हे ठाऊक असते? सरकारी हुद्दा म्हणजे गाडी, बंगला आणि गावातला मान, एवढेच ज्याच्या डोळ्यांसमोर आहे, त्याने त्या नावामागची हकीकत एकदा मुळापासून वाचावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

म्हात्रे प्रकरणी मोहम्मद रियाझ आणि अब्दुल कय्यूम राजा या दोघांवर ब्रिटनमध्ये खटला चालून १९८५ साली त्यांना जन्मठेप झाली. परंतु तपासातील एक संशयित ब्रिटनमधून नाहीसा झाला होता. खुनाच्या आरोपाला तेथे मुदतीची बाधा नसते. वर्षे लोटली म्हणून दप्तर बंद होत नाही. संशयित अमेरिकेत आढळला तर ब्रिटनने त्याची मागणी मुत्सद्दी मार्गाने करावयाची, सोबत वॉरंट आणि पुरावा जोडावयाचा. मग तेथील न्यायाधीशाने पाहावयाचे ते इतकेच, की हा तोच इसम आहे काय, हे कृत्य दोन्ही देशांत गुन्हा आहे काय, आणि आरोपाला सकृद्दर्शनी आधार आहे काय. दोषी की निर्दोष याचा निर्णय तेथे होत नाही, आणि स्वाधीन करण्याचा अखेरचा हुकूमही न्यायालयाचा नसून परराष्ट्रमंत्र्याचा असतो. हा मार्ग लांबचा आहे, पण मला तोच राज्याला शोभणारा वाटतो. कारण तो माणूस नेमका कोण आणि त्याने नेमके काय केले, हे विचारल्याखेरीज तेथे पुढचे पाऊल पडत नाही.

खुनानंतर वीस वर्षांनी, २००४ साली, त्या नाहीशा झालेल्या संशयिताला फिलाडेल्फियात अटक झाली. अटक म्हणजे शाबिती नव्हे; म्हणून त्याचे नाव मी या लेखात लिहिलेले नाही.