सहावीतले व्याज आणि पेढीवरचे व्याज

जूनमध्ये शाळा उघडतात, त्याच सुमारास पाचोडच्या बाजारपेठेत बियाणे-खतांसाठी झुंबड उडालेली असते. सहावीत गेलेल्या मुलाची पुस्तके चाळण्यास घरात कोणास सवड नसते. वास्तविक आपल्या व्यापारी कुटुंबांशी याच इयत्तेचे नाते अधिक जवळचे आहे. बालभारतीच्या २०१६ च्या सहावीच्या गणितात दुसऱ्या विभागात शतमान, नफा-तोटा, बँक व सरळव्याज ही प्रकरणे येतात. दुकानदाराच्या मुलास ती सोपी जातील, अशी आपली समजूत असते. घोटाळा नेमका तेथेच होतो.

पेढीवर ‘दोन रुपये शेकडा’ म्हणजे दरमहा दोन रुपये, पुस्तकातील द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. दहा हजारांवर वर्षाचे व्याज पुस्तकाप्रमाणे २०० रुपये, पेढीप्रमाणे २,४००! बँकेत हयात घालविलेल्या माणसास हा बारापट फरक फार बोचतो. नफ्याचेही तसेच. ४० रुपयांचा माल ५० रुपयांस विकला, तर कित्येक व्यापारी विक्रीवर २० टक्के नफा मोजतात; पुस्तकास मात्र खरेदीवरील २५ टक्के हवे असतात.

राज्यात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीच्या वार्षिक परीक्षेस उत्तीर्ण होण्याची अट आहे. सहावीस ती नाही. त्यामुळे येथला कच्चेपणा आठवीपर्यंत झाकून राहतो.

दिवाळीनंतर ही प्रकरणे सुरू झाली की जुने बिल मुलापुढे ठेवून दोन्ही रीतींनी हिशेब मांडावयास सांगावे. वडिलांनीही आपल्या कर्जखात्याचा उतारा घेऊन शेजारी बसावे.