फ्लॉरेन्सचा बखरकार

चौदाव्या शतकाच्या आरंभीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरांत जोव्हान्नी व्हिल्लानी नांवाचा एक व्यापारी राहत असे. राजेरजवाड्यांच्या चरित्रांहून निराळें असें त्याचें चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

इ. स. १३०० हें पोपनें जाहीर केलेलें योबेल वर्ष होतें. त्या निमित्तानें व्हिल्लानी रोमला गेला. तेथील प्राचीन अवशेष पाहून त्यास रोमच्या थोर इतिहासकारांचें स्मरण झालें, आणि आपल्या उदयास येणाऱ्या शहराचीही हकीकत लिहून ठेवावी, असें त्याच्या मनानें घेतलें. त्या काळीं विद्वानांची भाषा लॅटिन. परंतु त्यानें आपली बखर मातृभाषेंत लिहिली.

तो केवळ लेखक नव्हता. १३१६, १३१७ व १३२१ सालीं तो शहराच्या कारभारी मंडळांत होता. टांकसाळ व तटबंदी हीं कामेंही त्यानें पाहिलीं. म्हणूनच कीं काय, मोजदाद करण्याची संवय त्याच्या लेखणीस जडली. १३३८ च्या सुमारास शहरांत ८,००० ते १०,००० मुलगे व मुली वाचावयास शिकत, आणि १,००० ते १,२०० मुलें सहा शाळांतून हिशेब शिकत, असें तो नमूद करतो.

१३२९ च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. आसपासच्या शहरांनीं भिकाऱ्यांस वेशीबाहेर घालविलें. फ्लॉरेन्सनें मात्र त्यांस आश्रय दिला व शहराच्या खर्चानें पाव भाजवून स्वस्त विकले. या कामावरील अंमलदारांत व्हिल्लानी स्वतः होता.

शहराचे दोषही त्यानें झांकले नाहींत. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजास दिलेलीं कर्जें बुडून बार्दी व पेरुझ्झी या मोठ्या पेढ्या मोडल्या, तेव्हां हें आपल्याच लोभाचें फळ होय, असें त्यानें स्पष्ट लिहिलें. त्याची भागीदारी असलेली पेढीही बुडाली, व त्यास तुरुंग पाहावा लागला.

१३४८ सालीं महामारी आली. तिचा वृत्तांत लिहितांना ती कधींपर्यंत टिकली, ही जागा त्यानें मोकळी ठेविली. ती भरण्यापूर्वींच त्या महामारीनें त्यास नेलें. पुढें त्याचा भाऊ मत्तेओ व पुतण्या फिलिप्पो यांनीं बखर चालविली.

आमच्या गांवांत किती मुलें व किती मुली शाळेंत जातात, हें आमच्यापैकीं किती जणांस सांगतां येईल? विद्यार्थ्यांनीं या सुटींत तें मोजून, तारीख घालून, लिहून ठेवावें.