शुक्रवारचा दाखला

१९ फेब्रुवारी १६३० या दिवशी कोणता वार होता? मोबाइलच्या कॅलेंडरला विचारलं तर बहुधा ‘मंगळवार’ असं उत्तर येतं. भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या शकावलीत मात्र शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा नोंदला आहे. शकावलीवर शंका घेण्याआधी ही तारीख कोणत्या पद्धतीची, ते पाहायला हवं.

पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये दिनदर्शिका सुधारली. ४ ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर थेट १५ ऑक्टोबर आला, पण तो शुक्रवारीच. दहा तारखा गळाल्या, वारांची ओळ मात्र तुटली नाही. इंग्लंडने ही सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे सुरत-मुंबईच्या इंग्रजांच्या कागदांत जुन्या, ज्युलियन पद्धतीच्या तारखा आहेत आणि शिवकाळासाठी आपणही त्याच वापरतो. मोबाइल नवी पद्धत मागे नेतो. त्याला १ मार्च १६३० विचारा, शुक्रवार मिळेल. (त्या काळी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलत असे. म्हणजे सुरतेच्या वखारीत त्या दिवशी सन १६२९च लिहिलं जाई!)

हे कागद-पेन्सिलीनेही पडताळता येतं. जॉन कॉनवे या गणितज्ञाने लक्षात ठेवायला सोपी रीत दिली. कोणत्याही वर्षी ४ एप्रिल, ६ जून, ८ ऑगस्ट, १० ऑक्टोबर, १२ डिसेंबर आणि फेब्रुवारीचा शेवटचा दिवस एकाच वारी येतात. वर्षागणिक हा वार एकाने पुढे सरकतो, लीप वर्षी दोनाने. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख नेमकी याच मालिकेतली, आणि तो शनिवार होता. तिथून १६३० पर्यंत मागे ४४ वर्षं, त्यांत ११ लीप. एकूण ५५ दिवस, सातांनी भागून बाकी ६. शनिवारच्या मागे सहा दिवस म्हणजे रविवार. १६३० चा २८ फेब्रुवारी रविवार, २१ ही रविवार, म्हणून १९ फेब्रुवारी शुक्रवार. याच रीतीने १६७४ वरून पुढे गेलात तर ३ एप्रिल १६८०, महाराजांच्या निधनाचा दिवस, शनिवार येतो. शकावलीही शनिवारच सांगते.

आपल्या पंचांगकर्त्यांची रीत याहून जुनी आहे. कलियुगारंभापासून उलटलेले दिवस म्हणजे अहर्गण. कलियुगाचा पहिला दिवस शुक्रवार मानला आहे. शिवजन्मापर्यंतचा अहर्गण १७,२७,९९९ भरतो. म्हणजे पुरते २,४६,८५७ आठवडे, बाकी शून्य. पुन्हा शुक्रवार. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके १४४२ मध्ये ‘ग्रहलाघव’ रचताना हे अवजड आकडे ११ वर्षांच्या चक्रांत बसवले. एका चक्राचे ४०१६ दिवस, सातांनी भागून बाकी ५. म्हणून चक्रांची पाचपट चालू चक्रातल्या अहर्गणात मिळवायची, सातांनी भागायचं आणि बाकी सोमवारपासून मोजायची. वार जुळला नाही तर अहर्गणात एक मिळवायचा किंवा वजा करायचा. गणिताने वार काढायचा आणि वारानेच गणित तपासायचं, ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

इतिहाससंशोधनाला तीच उपयोगी पडली. काही बखरींनी शिवजन्म शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, गुरुवार असा दिला होता. १६२७ च्या त्या गुरुवारी सूर्योदयाला चैत्राची अमावास्याही सरलेली नव्हती. द्वितीया शनिवारच्या आधी येऊच शकत नाही. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली छापल्यावर तिच्यातला शुक्रवार मात्र तिथीशी चोख जुळला, आणि परमानंदांच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी निघाली. वार योगायोगानेही सातांत एकदा जुळतोच, त्यामुळे नुसत्या वारावर नोंद खरी ठरत नाही. पण तिथी आणि वार यांचा मेळ बसला नाही, तर दोहोंपैकी एक नक्की चुकलेलं असतं.

कधी मात्र इंग्रजी तारखेशी न जुळणारा वारही बरोबर असतो. राज्याभिषेकाला शकावली शुक्रवार म्हणते, ६ जून तर शनिवार. महाराज सिंहासनावर बसले तेव्हा तीन घटका, म्हणजे ७२ मिनिटं, रात्र उरली होती. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी तारीख मध्यरात्री. रायगडावर तेव्हा शुक्रवारच चालू होता. तो सोहळा पाहणाऱ्या इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेनच्या हिशेबी ६ जून होता, तर पोर्तुगीजांच्या गोव्यात १६ जून.

तुमच्या घरी जुनी वतनपत्रं, जन्मटिपणं, हिशेबाच्या वह्या असतील, तर त्यांची नक्कल करताना तिथीपुढचा वार गाळू नका. पुसट असेल तर जेवढी अक्षरं दिसतात तेवढी तशीच उतरवा, आणि इंग्रजी तारीख दिलीत तर ती जुनी की नवी, हेही शेजारी लिहा.