टोपी वाजते, पण बार का उडत नाही?

ठासणीची बंदूक दगा देते तेव्हा बहुतेक जण दारूला दोष देतात. मी म्हणेन, आधी ठिणगीचा रस्ता तपासा.

टोपी जिच्यावर बसते त्या निपलच्या बारीक भोकातून ठिणगी आतल्या दारूपर्यंत जाते. काळी दारू जळाली तरी तिच्या निम्म्याहून जास्त वजनाचा वायू होतच नाही; त्याची काजळी आणि क्षार बनतात, त्यातले काही धुरासोबत बाहेर जातात, काही नळीत राहतात. हे क्षार हवेतली ओल ओढतात, भोक तुंबतं. म्हणून जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत नीट चालणारी बंदूक शिराळा, पाटण, कोयनेच्या पट्ट्यात आषाढात गप्प बसू शकते. साफसफाईनंतर तळाशी साचलेलं तेलही दारू भिजवतं. आणि टोपीच वाजली नाही, तर ती निपलवर पुरती बसली नसेल. घोड्याचा पहिला ठोका तिला खाली दाबण्यातच जातो.

मराठेशाहीतल्या तोड्याच्या बंदुकीचंही हेच दुखणं. संग्रहालयात अशी बंदूक दिसली, तर नळीच्या उजव्या अंगाचा प्याला आणि त्याजवळचा कान, म्हणजे नळीत जाणारं भोक, जरूर बघा. कान तुंबला की प्याल्यातली रंजक, म्हणजे पेटवण्याची दारू, नुसतीच भडकते, आग आत शिरत नाही.

परवानाधारकांनो, बार उडाला नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान मिनिटभर थांबा. उशिरा पेट घेण्याचा धोका खरा असतो. नळीत डोकावू नका, लगेच गज घालू नका. भरलेली बंदूक परवानाधारक कारागिरानेच रिकामी करावी.